महारोहिणी फुगारोध व त्यातील रक्तदाबाचे स्वयंनियंत्रण

छाती, उदर किंवा श्रोणी यांच्या पोकळीत प्राणघातक रक्तस्राव चालू असता मांडीच्या मुळाशी असलेल्या ऊरुरोहिणीतून कॅथेटर नावाची लवचिक नलिका वर सरकवून तिच्या टोकाजवळील फुगा महारोहिणीत फुगविणे व त्याच्या खालच्या भागात जाणारे रक्त तात्पुरते अडविणे, या उपायास महारोहिणी फुगारोध म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘रीबोआ’ या लघुनामाने ओळखला जातो. फुगा किती फुगवावा व किती सोडावा हे वैद्याच्या हाताऐवजी रक्तदाब अखंड मोजणाऱ्या यंत्राकडे सोपविले म्हणजे त्या फुगारोधास स्वयंनियंत्रित म्हणता येईल. फुगारोध हा विसाव्या शतकाच्या मध्याचा आहे. त्याचे स्वयंनियंत्रण मात्र २०१० नंतरच्या दशकातील असून त्याचा विकास अद्याप पूर्ण झालेला नाही.

या उपायाची गरज का पडली, हे शरीराच्या रचनेवरून कळते. प्रौढ माणसाच्या शरीरात सु. ५ लिटर रक्त असते. त्याचा ४० टक्क्यांहून अधिक भाग थोड्या वेळात गेला, तर तत्काळ उपचारांवाचून माणूस बहुधा जगत नाही. हाता-पायातून वाहणारे रक्त आवळपट्टीने थांबविता येते, जखम उथळ असल्यास ती दाबून धरता येते; परंतु फुटलेली प्लीहा, चिरलेले यकृत किंवा मोडलेल्या श्रोणीच्या अस्थींमागील फाटलेल्या वाहिन्या यांच्यापर्यंत बाहेरून बोट पोहोचत नाही. तेथे पोट उघडावेच लागते. पोट उघडणारा शस्त्रवैद्य व शस्त्रक्रियागृह मिळेपर्यंतची वीस-तीस मिनिटे रुग्णाला जगविणे, एवढेच या फुग्याचे मर्यादित प्रयोजन आहे. [⟶ रक्तस्राव, शस्त्रक्रिया].

पूर्वपीठिका : रक्त थांबविण्याच्या उपायांचे वर्गीकरण सुश्रुतसंहितेत आढळते. संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय तीत सांगितले असून एकाने काम न झाल्यास दुसऱ्याकडे वळावे, असे तीत म्हटले आहे. यूरोपात शतकानुशतके डाग देण्यावर भर होता. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे (१५१०–९०) यांनी १५५२ मध्ये दांव्हिलेच्या वेढ्याच्या वेळी अवयवच्छेदनानंतर तापल्या लोखंडाऐवजी वाहिन्या दोऱ्याने बांधण्याचा अवलंब केला. १६७४ मध्ये बझांसाँच्या वेढ्यात एत्येन मॉरेल या सैन्य-शस्त्रवैद्याने काठीने पिळून आवळण्याची पट्टी वापरली, तर झां लुई पेती यांनी १७१८ मध्ये तिला स्क्रूची जोड दिली. पेतींच्या साधनाचे महत्त्व येथे विशेष आहे. स्क्रू थोडा सैल करून रक्त वाहते काय हे पाहता येई व पुन्हा आवळता येई. म्हणजे दाब कमीजास्त करण्याची कल्पना रक्तरोधाच्या साधनांत तेव्हापासूनच होती.

रक्तदाब ही मोजता येण्याजोगी राशी आहे, हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक व निसर्गवैज्ञानिक स्टीव्हन हेल्स (१६७७–१७६१) यांनी दाखविले. १७३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी घोडीच्या रोहिणीत नळी घालून उभ्या काचनळीत रक्त ८ फुटांहून अधिक उंच चढल्याचे नोंदविले आहे. एवढ्यावर न थांबता त्यांनी तिचे रक्त थोडेथोडे काढून प्रत्येक वेळी स्तंभ किती खाली येतो तेही मोजले. प्रयोग निर्दय होता, यात शंका नाही. परंतु रक्तस्राव व रक्तदाब यांच्या परस्परसंबंधाचे ते पहिले संख्यात्मक टिपण होय, आणि आजच्या स्वयंनियंत्रित साधनांचे प्रयोगही मूलतः याच घाटाचे असतात.

महारोहिणीच अडविण्याचे धाडस त्यानंतर सु. ऐंशी वर्षांनी झाले. लंडनच्या गाय रुग्णालयातील सर ॲस्टली कूपर (१७६८–१८४१) यांनी १८१७ मध्ये रोहिणीविस्फार फुटून रक्तस्राव होत असलेल्या एका रुग्णाची उदरातील महारोहिणी दोऱ्याने बांधली. कुत्र्यांवरील पूर्वप्रयोगांवरून त्यांचा असा विश्वास होता की, मुख्य मार्ग बंद झाला तरी बाजूच्या लहान वाहिन्यांतून खालच्या अंगास रक्त पोहोचेल. रक्तस्राव थांबला, पण रुग्ण सु. ४० तासांनी दगावला. अशा बंधनानंतर रुग्ण वाचल्याचे यश न्यू ऑर्लीअन्सच्या रूडॉल्फ मॅटस यांना १९२३ मध्ये मिळाले. महारोहिणी बांधता येते, पण तिच्यावर अवलंबून असलेल्या अवयवांना हा बंद मार्ग किती काळ सोसवेल हा खरा प्रश्न आहे, हे कूपर यांच्या रुग्णाने शिकविले. या विषयाचा पुढचा सर्व इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

फुग्याचा प्रवेश : शरीराच्या आत फुगा फुगवून रक्त थांबविण्याची कल्पना महारोहिणीच्या आधी इतरत्र रुजली. मूत्र काढण्यासाठी आज जगभर वापरला जाणारा फोली कॅथेटर अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३७ मध्ये वर्णिला, तो अष्ठीला ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून थांबविण्यासाठी. मूत्राशयातून तो निसटू नये म्हणून फुगा कामी येतो, ही सोय पुढे मुख्य ठरली आणि मूळ हेतू मागे पडला. १९५० मध्ये न्यूयॉर्कचे रॉबर्ट सेंगस्टाकेन व आर्थर ब्लेकमोर यांनी ग्रसिकेतील फुगलेल्या नीलांच्या रक्तस्रावासाठी दोन फुग्यांची नळी प्रचारात आणली. हे दोन्ही फुगे जखमेवर आतून दाब देतात. महारोहिणीतील फुग्याचे तत्त्व याहून वेगळे आहे : तो जखमेला स्पर्शही करीत नाही, तिच्याकडे जाणारा प्रवाह वरच तोडतो. पाटाचे पाणी फुटले असता फुटलेल्या जागी माती टाकणे आणि वरचे दार पाडणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

नलिका रक्तवाहिनीतून सुरक्षितपणे आत नेता येते, हे जर्मन वैद्य व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हाताच्या नीलेतून हृदयापर्यंत नळी घालून सिद्ध केले (या कार्याबद्दल त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले). १९५३ मध्ये स्वीडनचे स्वेन-ईव्हार सेल्डिंगर यांनी सुई, तिच्यातून तार व तारेवरून नळी असा क्रम सांगितला. वाहिनी कापून उघडण्याची आवश्यकता त्यामुळे उरली नाही. पुढे फुगारोध शस्त्रक्रियागृहाबाहेर करता येऊ लागला तो या साध्या युक्तीमुळेच.

कोरियन युद्धात (१९५०–५३) अमेरिकन सैन्यदलातील शस्त्रवैद्य कार्ल ह्यूझ यांनी मरणासन्न जखमी सैनिकांच्या महारोहिणीत फुग्याची नलिका घालून पोटातील रक्तस्राव रोखण्याचा प्रयत्न केला व तो १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. असे रुग्ण अगदी मोजके होते व त्यांपैकी कोणीही वाचले नाही. ह्यूझ यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात अधिक ओळखले जाते ते दुसऱ्या कारणाने. दुसऱ्या महायुद्धात जखमी रोहिणी सामान्यतः बांधून टाकीत व त्यामुळे सु. ४९ टक्के रुग्णांचा अवयव गमवावा लागे. कोरियात रोहिणी शिवण्याची पद्धत रूढ झाली व हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. हे आकडे ह्यूझ यांच्याच अहवालातील आहेत. रोहिणीची दुरुस्ती यशस्वी झाली, फुगा मात्र विस्मृतीत गेला. त्या काळची नलिका जाड होती, ती योग्य ठिकाणी पोहोचली की नाही हे रणभूमीवर कळण्याचा मार्ग नव्हता, आणि ती वापरली गेली तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असे.

मधली पन्नास वर्षे : हा काळ निष्फळ नव्हता, परंतु त्यातील प्रगती बहुतांशी इतर हेतूंनी झाली. टॉमस फोगार्टी यांनी शस्त्रवैद्यांच्या हातमोज्याच्या बोटाचे टोक नलिकेला बारीक दोऱ्याने बांधून रोहिणीतील गुठळी ओढून काढण्याचा फुगा बनविला. माशांच्या गळाला कृत्रिम माश्या बांधण्याच्या छंदात शिकलेली गाठ त्यांच्या उपयोगी पडली. त्याचे वर्णन १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६४ मध्ये टोराँटोचे रेमंड हाइमबेकर यांनी फुटलेल्या उदरीय रोहिणीविस्फारावर तातडीचा उपाय म्हणून महारोहिणीत बसवावयाचा बोळा वर्णिला. आघातजन्य रक्तस्रावात मात्र शस्त्रवैद्य छातीच उघडून महारोहिणीला चिमटा लावणे पसंत करीत. पोट उघडण्यापूर्वीच असा चिमटा लावावा, असा डिट्रॉइट येथील ॲना लेजरवुड व त्यांचे सहकारी यांचा १९७६ मधील अनुभव पुष्कळांना मार्गदर्शक ठरला. पोट उघडताच आतील साठलेल्या रक्ताचा दाब नाहीसा होऊन हृदय थांबते, हा धोका त्याने टळे; पण एका जखमेवर उपाय करण्यासाठी दुसरी मोठी जखम करावी लागे.

हृदयविकारतज्ज्ञांनी महारोहिणीत बसविलेला दुसरा एक फुगा येथे लक्षात घेतला पाहिजे, कारण स्वयंचलित फुग्याचा तो पहिला नमुना होय. मूलोपूलस, टोपाझ व कोल्फ यांनी १९६२ मध्ये सुचविलेला व ब्रुकलिनच्या एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये रुग्णावर वापरलेला हा फुगा हृदयाच्या विद्युत्‌-आलेखाशी मेळ ठेवून प्रत्येक ठोक्याला फुगतो व मिटतो. हृदय शिथिल होताना फुगून तो हृदरोहिण्यांकडे रक्त ढकलतो व हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणी मिटून त्याचे ओझे कमी करतो. तो महारोहिणी पूर्णपणे अडवीत नाही आणि वायूने, सामान्यतः हीलियमाने, फुगविला जातो. रक्तरोधाच्या फुग्यात लवणद्रव भरतात. मात्र महारोहिणीतील फुगा यंत्राच्या स्वाधीन करता येतो व माणसाच्या हाताला न साधणारी गती त्याने गाठता येते, एवढे त्याने निर्विवादपणे दाखविले.

पुनरुज्जीवन : इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत आवळपट्टीला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली व हाता-पायांच्या जखमांनी मरणाऱ्या सैनिकांची संख्या घटली. उरले ते धडातील रक्तस्राव. २००१ ते २०११ या काळात या युद्धांत मृत्यू पावलेल्या ४,५९६ अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूंची छाननी ईस्टरिज व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी झालेल्या मृत्यूंपैकी सु. २४ टक्के मृत्यू टाळता येण्यासारखे होते व त्यांपैकी ९१ टक्के रक्तस्रावाने झाले होते. त्या रक्तस्रावांपैकी दोनतृतीयांश धडातील होते, जांघ, काख व मान यांतील सु. १९ टक्के, तर हाता-पायांतील अवघे १३·५ टक्के. आवळपट्टी जेथे पोहोचत नाही तेथे काय करावे, हा प्रश्न या आकड्यांनी निकराचा केला.

दरम्यान रोहिणीविस्फारावर नलिकेतून आतून अस्तर बसविण्याची पद्धत (खार्किव्ह येथील निकोलाय व्होलोडोस, १९८७, ब्वेनस एअरीझचे ह्वान पारोदी, १९९१) रूढ झाल्याने महारोहिणीत फुगे वापरणारे हात तयार झाले होते. २०११ मध्ये स्टॅनर्ड, इलियासन व रॅसमुसेन यांनी फुगारोधाच्या पायऱ्या व महारोहिणीचे तीन विभाग निश्चित करून सांगितले. पहिला विभाग डाव्या अधोजत्रू रोहिणीपासून उदरगुहीय रोहिणीपर्यंतचा. उदरातील रक्तस्रावासाठी फुगा येथे फुगवितात. दुसरा उदरगुहीय रोहिणीपासून वृक्क-रोहिण्यांपर्यंतचा. तो टाळावयाचा असतो. तिसरा वृक्क-रोहिण्यांच्या खालपासून महारोहिणी दुभंगते तेथपर्यंतचा. श्रोणी व जांघेतील रक्तस्रावासाठी तो वापरतात. २०१३ मध्ये बॉल्टिमोर व ह्यूस्टन येथील सहा रुग्णांचे अनुभव मेगन ब्रेनर व इतरांनी प्रसिद्ध केले. २०१४ च्या जूनमध्ये लंडनच्या हवाई रुग्णसेवेने उंचावरून पडलेल्या एका रुग्णावर रस्त्यावरच हा उपाय केला. २०१५ मध्ये अमेरिकेत ७ फ्रेंच मापाची नलिका मान्यता पावली. फ्रेंच माप हे पॅरिसचे उपकरणकार शार्येर यांचे : एक माप म्हणजे तृतीयांश मिमी. म्हणजे ही नलिका ज्या आवरणातून आत जाते त्याचा अंतर्व्यास सु. २·३ मिमी. असतो. पूर्वीच्या १२ ते १४ मापाच्या आवरणांमुळे वाहिनीला मोठे छिद्र पडे व ते शिवावे लागे.

काळाची किंमत : फुगा पूर्ण फुगविला की वरच्या भागातील रक्तदाब काही सेकंदांत चढतो व हृदय आणि मेंदू यांना रक्त मिळू लागते. जवळजवळ मृत झालेला रुग्ण डोळे उघडतो, म्हणून पाहणाऱ्यास हा उपाय चमत्कारासारखा वाटतो. परंतु त्याच क्षणापासून फुग्याखालील यकृत, वृक्क, आंत्र, मेरुरज्जू व पाय यांची उपासमार सुरू होते. ऑक्सिजनावाचून चालणाऱ्या चयापचयामुळे तेथे लॅक्टिक अम्ल साठते, कोशिकांतून पोटॅशियम बाहेर पडते, केशवाहिन्या गळू लागतात. पहिल्या विभागात ३० मिनिटे, तर तिसऱ्यात फार तर ६० मिनिटे ही मर्यादा सामान्यतः सांगितली जाते. फुगा सोडताच हे साठलेले अम्ल व पोटॅशियम एकदम हृदयाकडे लोटले जाते, खालच्या शिथिल वाहिन्या रक्त शोषून घेतात व रक्तदाब कोसळतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेली माणसे सुटकेनंतर काही तासांनी का दगावतात, याचा उलगडा एरिक बायवॉटर्झ व डेझ्मंड बील यांनी १९४१ मध्ये केला होता. फुगा सोडल्यानंतरची अवस्था त्याच जातीची आहे. फरक इतकाच की, येथे ढिगारा वैद्यानेच ठेवलेला असतो.

फुग्याच्या वरच्या अंगासही धोका असतो. सर्व रक्त अर्ध्या शरीरात फिरू लागल्याने तेथील दाब निरोगी माणसाच्या दाबाहूनही चढू शकतो. मार लागलेला मेंदू त्याने सुजतो, हृदयावर ताण पडतो. रक्तस्रावाने मरू घातलेल्या माणसाला अतिदाबाचा धोका असावा, ही विसंगती या उपायातच अंतर्भूत आहे.

अंशतः रोध व हाताची मर्यादा : यावर उघड उपाय म्हणजे फुगा पूर्ण न फुगविता थोडे रक्त खाली जाऊ देणे. परंतु तो हाताने साधणे फार कठीण आहे. ढोबळ हिशेब असा : महारोहिणीचा व्यास २० मिमी. व फुग्याचा १८ मिमी. असेल, तर भोवती १ मिमी. फट राहते. फुगा १९ मिमी. झाला की फट निम्मी होते. अरुंद फटीतून जाणारा प्रवाह, दाबातील फरक तोच राहिल्यास, फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तो एकअष्टमांश उरतो. ३ सेंमी. लांबीच्या फुग्यात हा बदल घडवायला १ मिलि. पेक्षाही कमी द्रव पुरतो. प्रत्यक्षात महारोहिणीची भित्ती लवचिक असते व प्रवाह स्पंदनशील असतो, त्यामुळे हिशेब इतका नेटका राहत नाही. मात्र काही थेंबांत सर्व फरक पडतो, हा निष्कर्ष प्राण्यांवरील प्रयोगांतही मिळाला आहे. पिचकारीवर अंगठा ठेवून बसलेल्या माणसाला हालत्या रुग्णवाहिकेत थेंबाथेंबाचा हिशेब ठेवता येत नाही. शिवाय रुग्णाची अवस्था मिनिटामिनिटाला बदलते : रक्त चढविले की दाब वाढतो, वाहिन्या आकसल्या की फट बदलते, फुगा स्वतःही दाबाने थोडा खाली सरकतो. एकदा जुळविलेले माप टिकत नाही.

स्वयंनियंत्रण : बदलत्या परिस्थितीत एखादी राशी स्थिर ठेवणारे यंत्र नवे नाही. जेम्स वॉट यांच्या वाफेच्या एंजिनावरील गोळ्यांचा नियामक अठराव्या शतकाच्या शेवटचा असून त्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले. शरीरातही तशीच योजना आहे. ग्रीवा-रोहिणी व महारोहिणीची कमान यांच्या भित्तींतील ग्राही दाब मोजतात व मेंदूकडून हृदयाची गती व वाहिन्यांचा ताण बदलवितात. एच्. ई. हेरिंग व कॉर्नेय हेमान्स यांचे या दाबग्राहींवरील संशोधन १९२० व १९३० च्या दशकांतील आहे. तीव्र रक्तस्रावात हीच नैसर्गिक यंत्रणा हतबल होते. [⟶ रक्तदाब, स्वयंचालन].

रुग्णाच्या रक्तदाबाचे पुनःप्रदायी यांत्रिक नियंत्रण प्रथम औषधांच्या द्वारा झाले. ॲलाबॅमा विद्यापीठात लूइस शेपर्ड यांनी जॉन कर्कलिन यांच्या हृदय-शस्त्रक्रिया विभागात १९७० च्या दशकात संगणकाद्वारे नायट्रोप्रुसाइड हे दाब उतरविणारे औषध देण्याची पद्धत वापरली. शस्त्रक्रियेनंतर चढलेला दाब संगणक मोजी व औषधाचा वेग त्यानुसार बदली. परिचारिकेपेक्षा यंत्र दाब अधिक स्थिर राखते, हे त्यातून दिसून आले. तरीही पद्धत सार्वत्रिक झाली नाही. यंत्र बिघडल्यास जबाबदारी कोणाची हा प्रश्न तेव्हापासून आहे.

फुग्याला हे तत्त्व लावण्याचे प्रमुख काम कॅलिफोर्नियातील ट्रॅव्हिस हवाई तळावरील डेव्हिड ग्रँट वैद्यकीय केंद्र व डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांत टिमथी विल्यम्स, लूकस नेफ, ऑस्टिन जॉन्सन व त्यांचे सहकारी यांनी केले. २०१६ मधील त्यांच्या पहिल्या प्रयोगांत डुकरांच्या महारोहिणीचे रक्त शरीराबाहेरील मंडलातून खाली नेऊन तो प्रवाह यंत्राने मोजूनमापून दिला होता. हे साधन रुग्णासाठी नव्हते. फुग्याखाली अल्प पण ठरावीक प्रवाह चालू ठेवला तर रोधाचा काळ वाढविता येतो काय, एवढेच त्यांना पाहावयाचे होते, आणि उत्तर होकारार्थी आले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बाहेरचे मंडल गेले व स्वयंचलित पिचकारी-पंप फुगाच कमीजास्त करू लागला. पूर्ण रोध केलेल्या प्राण्यांच्या तुलनेत या प्राण्यांत वरचा दाब अवाजवी चढला नाही, लॅक्टिक अम्ल कमी साठले व फुगा सोडल्यानंतर द्रव व औषधेही कमी लागली. नंतर याच गटाने रक्तस्राव थांबल्यानंतरच्या अवसादात फुगा फारच थोडा फुगवून वरच्या अंगास दाबाचा आधार देण्याची कल्पना मांडली. तेथे फुगा रक्तरोधक न राहता औषधाच्या जागी येतो.

यंत्राची रचना तत्त्वतः सोपी आहे. फुग्याच्या वर व खाली दाबाचे संवेदक असतात, संगणक इष्ट दाब व प्रत्यक्ष दाब यांतील अंतर काढतो व पंपाला सूक्ष्म पावलांनी द्रव भरण्याची वा काढण्याची आज्ञा देतो. आज्ञा देताना तो तीन गोष्टी पाहतो : अंतर आता किती आहे, आतापर्यंत किती साचले आहे आणि ते कोणत्या वेगाने बदलत आहे. केवळ पहिलीवर विसंबल्यास फुगा सतत थोडा कमी वा थोडा जास्त राहतो. दुसरीला अवाजवी महत्त्व दिल्यास तो झोके घेऊ लागतो, आणि महारोहिणीतील फुग्याने झोके घेणे म्हणजे रुग्णाला आलटून पालटून रक्तस्रावाच्या व गुदमरण्याच्या तोंडी देणे होय. पूर्ण रोधाच्या जवळ असलेल्या फुग्यास थेंबभर द्रव पुरतो, तर सैल फुग्यास मिलिलिटरभर भरूनही काही घडत नाही. त्यामुळे एकच नियम सर्वत्र लागू पडत नाही व नियंत्रकाला फुग्याची अवस्था ओळखावी लागते.

याहून अवघड प्रश्न यंत्राचा नसून उद्दिष्टाचा आहे. वरचा दाब राखावा, की खालचा प्रवाह मोजून द्यावा? मेंदूचे हित पहिल्यात आहे, यकृत-वृक्कांचे दुसऱ्यात, आणि फाटलेल्या वाहिनीचे हित दोहोंच्या विरुद्ध, कारण खाली सोडलेल्या प्रत्येक थेंबाचा काही अंश जखमेतून बाहेर जातो. शिवाय दाब म्हणजे प्रवाह नव्हे. फुग्याखालील दाब समाधानकारक दिसत असताना ऊतकांना पुरेसे रक्त पोहोचतेच असे नाही. संवेदकाच्या नळीत गुठळी अडकल्यास यंत्राला दाब खोटाच कमी दिसेल व ते निष्ठेने फुगा फुगवीत राहील. प्रस्तुत लेखकास सर्वांत गंभीर वाटतो तो धोका आणखी वेगळा आहे : कुशल नियंत्रकामुळे पडद्यावरचा आकडा स्थिर राहतो आणि आत चालू असलेला रक्तस्राव त्या आकड्याआड झाकला जातो. हाताने फुगा सांभाळणाऱ्यास पुन्हापुन्हा द्रव भरावा लागतो व त्यावरूनच काहीतरी बिघडत आहे हे त्याला कळते. यंत्राने हे ज्ञान आपल्याजवळ ठेवू नये. फुग्याचे बदलते आकारमान दाबाइतक्याच ठळकपणे दाखविले पाहिजे.

प्रसूतीतील फुगे : अतिदक्षतेच्या साधनांपासून दूर असलेल्या प्रदेशांत फुग्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी ढाक्याच्या सायेबा अख्तर यांनी २००३ मध्ये निरोध व रबरी नळी यांपासून बनविलेला गर्भाशयातील फुगा वर्णिला. त्यांच्या २३ रुग्णांपैकी प्रत्येकीचा रक्तस्राव १५ मिनिटांत थांबला. भारतातही त्याच वर्षी शिवकर, खाडिलकर व गांधेवार यांनी अशाच स्वस्त साधनांनी केलेल्या दाबोपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या फुग्यांना नियंत्रक लागत नाही. गर्भाशयाची भित्ती हीच त्यांची मर्यादा असते. अपरा गर्भाशयाच्या भित्तीत खोल रुतलेली असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच महारोहिणीत फुगा ठेवण्याची पद्धत काही देशांत आहे. रक्तस्रावाची वेळ तेथे आधीच ठाऊक असल्याने परिणाम अधिक अनुकूल येतात, हे ओघानेच आले.

पुराव्याची परीक्षा : आघातजन्य रक्तस्रावात फुगारोधाने माणसे वाचतात काय, याचे उत्तर उत्साहवर्धक नाही. बेलाल जोसेफ व इतरांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींवरून फुगा वापरलेल्या १४० रुग्णांची तशाच २८० रुग्णांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटातील मृत्युप्रमाण ३५·७ टक्के व दुसऱ्यातील १८·९ टक्के निघाले; वृक्कांची हानी व पाय गमावणे हेही पहिल्यात अधिक होते. अधिक गंभीर रुग्णांनाच फुगा लावला जातो, असा यावर आक्षेप घेता येतो. ब्रिटनमधील १६ आघात केंद्रांत २०१७ ते २०२२ या काळात झालेल्या यादृच्छिक निवडीच्या परीक्षणाला तो लागू पडत नाही. त्यात ९० रुग्ण होते व निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. फुगारोधाच्या गटात ९० दिवसांतील मृत्युप्रमाण ५४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२ टक्के होते. अपाय होत असण्याची शक्यता बळावल्याने परीक्षण वेळेपूर्वी थांबविण्यात आले.

या परीक्षणातील फुगे हाताने चालविलेले होते, तेव्हा स्वयंनियंत्रणाचा निकाल त्यावरून लागत नाही, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात व ते तर्काला धरून आहे. मात्र त्याच परीक्षणातील दुसरा आकडा त्यांनीही विसरता कामा नये. रक्तस्राव कायमचा थांबविण्याच्या शस्त्रक्रियेस आरंभ होण्यास फुग्याच्या गटात मध्यमानाने ८३ मिनिटे लागली, इतरांत ६४. नलिका बसविण्यात गेलेला हा वेळ आहे. फुगा रोहिणीत पोहोचल्यावर त्याला कितीही सुज्ञ नियंत्रक जोडला, तरी त्यातील एक मिनिटही परत मिळत नाही. स्वयंनियंत्रित फुग्यांवरील प्रसिद्ध झालेले बहुतेक काम अजून डुकरांवरचे आहे, आणि डुकराच्या ऊरुरोहिणीत नलिका प्रयोग सुरू होण्याआधीच, स्वच्छ उजेडात, सावकाश बसविलेली असते.